वाकडा टाका

प्रमिलाच्या छातीतली साधी, निरुपद्रवी गाठ काढून महिना झाला होता, तरी ती चौथ्यांदा दवाखान्यात आली होती. "डॉक्टर, नक्की काढलीत ना?"

नव्या यंत्राने कातडी अशी जुळायची, की कुठे कापलं ते खुद्द डॉक्टर खैरमोडेंनाही सापडत नसे. त्यामुळे अर्धं शहर हाच प्रश्न घेऊन त्यांच्या दारात असे. त्यांनी बाटलीतली गाठ दाखवली.

"ही माझीच कशावरून?"

शेवटी डॉक्टरांनी व्रणांचा अल्बम उघडला. "निवडा, तसा व्रण उमटवून देतो. सरळ, नागमोडी, चंद्रकोर."

"मेंदी काढायचीय का?" शेजारी बसलेली आई म्हणाली. "माझ्या गाठीचा बघा. सरकारी दवाखान्यातले सात टाके, त्यातला एक वाकडा. बत्तीस वर्षं झाली, अजून ठणठणीत!"

प्रमिलाला आठवलं, जीव घाबरला की आई पदराआडून तिथे बोट ठेवायची आणि पुटपुटायची, "गेली ती."

"मला आईचाच द्या," ती म्हणाली. "त्या वाकड्या टाक्यासकट."

डॉक्टरांना वाकडा टाका जमेपर्यंत संध्याकाळ झाली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना प्रमिलाने दाराला कुलूप लावलं, सवयीने ओढून पाहिलं. मग कुर्त्यावरून व्रणावर बोट ठेवलं, आणि मागे न बघता जिना उतरली.