वाटीभर भाजी

अलाबामात थंडी पडल्यापासून दर रविवारी ओडेसाच्या पातेल्यातली कोलार्डची पालेभाजी वाटीभर कमी भरायची. तिचा संशय सुनेवर होता. टमेका मात्र म्हणायची, "अहो आई, भाजी शिजून आटते."

"चाळीस वर्षं रांधतेय मी. मला शिकवू नकोस!"

आज चर्चहून आल्यावर टमेका कोटाखाली डबा लपवून निघाली, तशी ओडेसा तिच्या मागावर गेली. सून थांबली ती विलेटाच्या दारात. विलेटा ओडेसाची सख्खी बहीण. आईच्या मयतीत भांडण झालं, तेव्हापासून अकरा वर्षं दोघींचा अबोला होता. ओडेसा दात-ओठ खात कुंपणाआड उभी राहिली.

विलेटाने दारातच डबा उघडून एक घास खाल्ला.


"मीठ विसरलीय गं आज. ओडेसा बरी आहे ना?"