बाबांचा प्रश्न

“बाबांना सांगितलंस का?” विभागप्रमुखांनी दुसऱ्यांदा विचारलं.

“आज सांगणार आहे, सर.”

“सावकाश सांग. वर्मावर बोट ठेवल्यासारखं होईल त्यांना.” त्यांनी उठून दार लोटलं. “आणि सिद्धता मला कधी दाखवतेस?”

“आधी बाबांना. मग तुम्हाला.”

ती सिद्धता तिनं अजून कोणालाच दाखवली नव्हती. कागद पिशवीत घालून ती घरी निघाली आणि रस्ताभर एकच वाक्य घोळवत राहिली. बाबा, तुमचा प्रश्न सुटला. नको. बाबा, तुमचा प्रश्न मी सोडवला. हे तर त्याहून वाईट.

प्रश्न गाठींचा होता. दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेल्या दोऱ्यात एका विशिष्ट जातीचा गुंता झाला, तर दोरा न कापता तो सुटतोच, हे गणितानं दाखवायचं. ऐकणाऱ्याला पोरखेळ वाटे. बाबांनी मात्र त्यात उमेदीची वर्षं घातली होती. गणित विभागात त्याला नावच पडलं होतं, ‘सरांचा प्रश्न’.

त्याच विभागात ती संशोधनाला लागली तेव्हा तिनं हाच विषय घेतला आणि जेवताना मोठ्या हौसेनं जाहीर केला. वाटलं, आता बापलेक मिळून डोकं लढवू. बाबांनी तोंडातला घास बराच वेळ चावला. मग म्हणाले, “छान आहे विषय.”

त्यानंतर त्यांनी त्या प्रश्नाला हात लावला नाही. कोणी विचारलं तर म्हणत, “आता डोकं चालत नाही.”

वर्गात मात्र ते झकास चालत होतं. निवृत्त होईपर्यंत मुलं खिडकीत बसून त्यांचे तास ऐकायची. फक्त गाठींचं नाव काढलं की स्वारी विषय बदलायची. आणि घरात एकामागून एक छंद. आधी बासरी, शेजाऱ्यांनी हात जोडल्यावर ती माळ्यावर गेली. मग टोमॅटो. शेवटी मागच्या खोलीत लाकूड कातायचं यंत्र आलं आणि भोवरे सुरू झाले. आई म्हणायची, “लग्न केलं प्राध्यापकाशी, संसार चाललाय सुताराशी.”

तिला याचा अर्थ कधीच लागला नाही. आधी वाटलं, आपण त्यांच्या ताटातलं ओढून घेतलं म्हणून रागावले. मग वाटलं, हरले. विभागातही तीच कुजबुज होती. पण हरलेला माणूस भोवरा फिरवताना अशी शीळ घालतो का?

एकदा ती इतकी अडली, की सगळं सोडून द्यायचं ठरवून मागच्या खोलीत जाऊन रडली. “एक नजर तरी टाका, बाबा. एकदाच.”

त्यांनी तिचे कागद न बघताच पालथे घातले. “ठमे, मला त्यातलं काही कळत नाही आता,” म्हणाले आणि नुकताच कातलेला एक भोवरा तिच्या हातात ठेवला. तिनं तो भिंतीवर भिरकावला. त्या दिवसापासून दोघं गाठींबद्दल एक अक्षर बोलले नव्हते.

दार आईनं उघडलं. “असं काय तोंड केलंयस? कोणी बोललं का?”

“आई, प्रश्न सुटला.”

आईनं लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. “जा. मागे आहेत. सांग त्यांना.”

“त्यांना लागेल गं.”

“तू सांग तर.” आईच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कोणासाठी, हे तिला उमगेना.

मागच्या खोलीत यंत्र घरघरत होतं. बाबांच्या भुवयांवर भुसा साचला होता. तिला पाहून त्यांनी यंत्र बंद केलं.

“बाबा, ते सुटलं.”

“काय?”

“गाठींचं.”

त्यांनी हातातली पटाशी खाली ठेवली. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि तो न लावताच स्टुलावर बसले. ते पाहून तिला राहवेना.

“तुमच्या पायावरच उभं आहे सगळं, बाबा. पहिलं नाव तुमचंच घालते मी.”

“अजिबात नाही!” ते इतक्या जोरात म्हणाले की ती दचकली.

“मला माहीत होतं, तुम्हाला वाईट वाटणार.”

“वाईट?” त्यांनी भुसा झटकून तिच्यासाठी बाकावर जागा केली. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिनं तिथे कधी पाहिलं नव्हतं, आणि ते दुःख नक्कीच नव्हतं. “बस इथे. आधी मला सांग, ती जादा गाठ कुठून मारलीस? आतून?”

“नाही, बाहेरून,” ती म्हणाली आणि पिशवीत गेलेला तिचा हात तिथेच थांबला. गुंता सोडवायला आधी त्यात एक गाठ वाढवायची, हीच तर सगळ्या सिद्धतेची किल्ली होती. आणि कागद अजून पिशवीतच होते.

“बाहेरून!” बाबांनी कपाळावर हात मारून घेतला आणि लहान मुलासारखे हसले. “किती सोपं गेलं असतं! आणि मी शहाणा, तू विषय घेतलास त्याच्या आदल्याच आठवड्यात ती आतून मारून अख्खा प्रश्न सोडवून बसलो होतो.”