ढिगाऱ्याचा तळ

"जरा बारीक घास घे रे, तिजानी!" मबरूका ओरडली. "ढिगारा काय पळून चाललाय?"

"याहून बारीक हवा तर चमचा आणा, मावशी!" खोदणयंत्रातून तिजानीने उत्तर दिलं.

दलेंदा आईशेजारी, मबरूकाशेजारी, उभी राहून प्रत्येक थर निरखत होती. एकेकाळी फॉस्फेटच्या खाणीतला टाकाऊ चुरा इथे टाकत. आता नव्या धुलाईघरात त्यातूनही फॉस्फेट निघत होतं. उरलेली माती रिकाम्या खाणीत जायची, पाणी परत धुलाईला.

"बापांनी फेकलं, पोरं विकतायत," तिजानी म्हणायचा.

दलेंदाचे वडील अम्मार याच ढिगाऱ्याखाली गेले, असंच सगळे सांगत. ती तेव्हा सहा वर्षांची. पावसात ढिगारा घसरला, आणि त्या दिवशी ते कामावरून घरी आले नाहीत. कडेला त्यांची सायकल तेवढी सापडली.

आता ढिगारा उपसणार हे कळताच ती ट्युनिसहून बिनपगारी रजा टाकून आली. हाडं मिळाली तर कबर होईल, ईदला जाऊन बसायला जागा होईल. बॅगेत कफन होतं. खाणीच्या साहेबांशी भांडून तिने पातळ थर काढण्याचं कबूल करून घेतलं होतं.

मबरूका रोज कामगारांसाठी गरम रोटी, हरिसाची तिखट चटणी आणि चहा आणायची. एकाचे दोन, दोनाचे तीन ग्लास व्हायचे.

"आई, त्यांना काम करू दे ना."

"इतकी वर्षं थांबलीस, आता कसली घाई?"

"मावशी," तिजानीने चहा फुंकत विचारलं, "अम्मारकाकांच्या मागे माझ्या चुलत्याने तुम्हाला मागणी घातली होती म्हणे?"

"तीनदा."

"मग? नाक वाकडं होतं म्हणून?"

"नाक चांगलं होतं रे. पण एकदा लग्न केलं, तेवढं पुरे."

एका दुपारी चुऱ्यातून कुजका बूट निघाला. दलेंदा धावली.

"त्याचा नाही," मबरूका बसल्या जागेवरून म्हणाली.

"न बघताच?"

"बायकोला कळतं."

पुढच्या गुरुवारी लाल माती लागली. तिजानीने यंत्र बंद केलं आणि टोपी काढून खाली उतरला.

"ताई, ही मूळ जमीन. याखाली चुरा नाही. काहीच नाही."

"असतील. अजून थोडं खण."

"ताई..."

दलेंदा गुडघ्यांवर बसली आणि नखांनी माती उकरू लागली. तिजानीने मान फिरवली.

मबरूका उतार उतरून खाली आली. लेकीचे दोन्ही हात धरून तिने ओढणीच्या टोकाने पुसले.

"पुरे, बाळ. ऊठ," ती म्हणाली. "घरी चल. तुला तुझ्या बापाचा पत्ता देते."