गारठलेलं इंजिन

हृदयाच्या बायपासनंतर डॉक्टरांनी मुकुंदरावांचं फावड्याने बर्फ काढणं बंद केलं, म्हणून ते आणि त्यांची बायको कुमुद टोरांटोतल्या दुकानात बर्फ उडवायचं यंत्र घ्यायला गेले. विक्रेता मुकुंदरावांनाच हॉर्सपॉवर समजावत होता. कुमुदने इंजिनावर हात ठेवला. ते कोमट लागलं.

“हे आधी चालवून ठेवलंय. गरम इंजिन कसंही सुरू होतं. बाहेर गारठलेलं दाखवा,” ती म्हणाली. माहेरच्या पिठाच्या गिरणीचं इंजिन तिनेच सांभाळलं होतं.

बाहेरच्या यंत्राची दोरी तिने ओढली. दुसऱ्याच झटक्याला ते सुरू झालं आणि एका लयीत चालत राहिलं. मुकुंदरावांनी हँडल धरायला हात पुढे केला.

“राहू द्या. हे मी चालवणार आहे.”

तीस वर्षं दारातला बर्फ काढलेल्या मुकुंदरावांनी हात मागे घेतला. मग म्हणाले, “हँडल तुझ्या उंचीला बसतंय का, ते तरी बघू दे.”