समोरच्या झडपा

किल्ल्याची बाग हिवाळ्यासाठी बंद झाली, पर्यटक गेले, की वेशीच्या आतल्या दगडी गल्लीत दोघंच उरायची: म्हातारी सोलांज आणि समोरचा गास्तों. सकाळी खिडकीच्या झडपा उघडल्या म्हणजे माणूस धडधाकट. नाही उघडल्या, तर समोरच्याने जाऊन दार ठोठावायचं.

यंदा द्राक्षांची तोडणी संपता संपता गास्तों वारला. त्याच्या झडपा मात्र रोज उघडत राहिल्या. सोलांजने कुणाला विचारलं नाही. तेवढीच सोबत.

आज त्या बंद होत्या. आपल्या झडपा सताड उघडून ती खाली उतरली आणि रिवाजाप्रमाणे त्याचं दार ठोठावलं.

"उठलोय गं बाई," आतून गास्तों खेकसला. "माझं सोड. तुझ्या का बंद होतायत?"

तिने वळून पाहिलं. तिच्या झडपा आतून कुणीतरी सावकाश ओढून घेत होतं.