भुऱ्याची जागा

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि तुमचं अख्खं घर एका गाडीत बसवून बघा. पोशेऱ्याजवळच्या पाड्यावरची माणसं भातकापणी आटोपली की अशीच निघतात, दूर वीटभट्टीच्या कामाला. चैतीचं घरही दरवर्षी निघे. भाड्याच्या गाडीत भुऱ्या कुत्र्याला जागा नसे, म्हणून चैती त्याला दारात बसवून बजावे, "मी येईस्तोवर हलू नको. घर राख."

यंदा तिच्या बापाने, बुधाने, जुनी पिकअप घ्यायचं ठरवलं.

विकणारा म्हणाला, "डबल केबिनची घे, ऐटीत बसशील."

"ऐट घाटात उतरते, दादा," बुधा हसला. "केबिन साधी चालंल. इंजिन दमाचं पाहिजे आणि मागं हूक मजबूत. ट्रॉली ओढायची हाय."

चैतीने त्याचा सदरा ओढला. "बा, ट्रॉलीत भुऱ्या मावंल ना?"

"तुझ्या भुऱ्यापायीच तर ट्रॉली, बाय!"

निघायच्या दिवशी चूल, भांडी, कोंबड्या, सगळं चढलं. चैतीने भुऱ्याला उचलून ट्रॉलीत ठेवलं. त्याने खाली उडी मारली आणि दारात जाऊन बसला. पुन्हा ठेवलं, पुन्हा तेच.

बुधाने हॉर्न दिला. "चैते, राहू दे त्याला. तो नाय यायचा."

चैती एकटीच रस्त्याच्या वळणापर्यंत चालत गेली, तिथून माघारी आली आणि भुऱ्यासमोर बसून म्हणाली, "आले बघ मी."