पाण्याची दवंडी

“तीन महिने होईस्तोवर कुणाला सांगायचं न्हाई,” हौसानं नवऱ्याला बजावलं होतं. लग्नानंतर अकरा वर्षांनी आलेली ती बातमी पोटात ठेवून भैरू कोतवाल हलगी बडवत दवंडीला निघाला.

“ऐका हो ऐका! उद्या नळाला पाणी येणार न्हाई हो!”

तोंड नेमून दिलेलंच बोलत होतं, पण हलगी काही ऐकेना. ती थेट वरातीच्या ठेक्यावर चढली. पाठोपाठ पाय थिरकले. मारुतीच्या पारापाशी भैरूनं चक्क गिरकी घेतली आणि हसत हसत पुकारलं, “थेंबसुद्धा येणार न्हाई हो!”

रिकामे हंडे काखेत धरून बाया बघतच राहिल्या. म्हातारी सुईण तेवढी उंबऱ्यातून ओरडली, “आरं भैऱ्या, कितवा महिना लागला?”